पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण मराठीत साधारणपणे ऐपत नसताना थाट करणाऱ्याला उद्देशून वापरली जाते. परंतु तिच्यातला विचार कलेच्या नीतिशास्त्रालाही तितकाच लागू पडतो. राजाचे, भिकाऱ्याचे, देवाचे किंवा चोराचे सोंग घेता येते, कारण ते खोटे असल्याचे घेणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते. पैसा मात्र सोंगाच्या आत शिरला तरी खराच राहतो. चटक लावणाऱ्या डिजिटल खेळांची टर उडवण्यासाठी कोणी तसाच एक खेळ तयार केला, लोक तो मनापासून खेळू लागले आणि त्यासाठी पैसेही मोजू लागले, तर त्या विडंबनकाराकडे कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न २०१० साली अमेरिकेत फेसबुकवरच्या एका चित्रातल्या गायीमुळे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना मराठी समाजाने शतकानुशतके जपलेली सोंगाची रीत अनपेक्षितपणे उपयोगी पडते.

हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला पसरलेल्या माणिकपुरातून रोज सकाळी चर्चगेटच्या दिशेने निघणाऱ्या नोकरदाराचा एका बाजूचा प्रवास तासाभराहून अधिक चालतो, आणि हा वेळ कसा घालवायचा याची उत्तरे या मार्गावर पिढ्यान्‌पिढ्या शोधली गेली आहेत. डब्यातली भजनी मंडळे, मांडीवर आडव्या धरलेल्या बॅगेवर रंगणारे पत्त्यांचे डाव, घडी घालून वाचायचे वर्तमानपत्र ही जुनी उत्तरे होत. आजचे उत्तर तळहातावर मावते आणि त्यासाठी शेजाऱ्याची गरज लागत नाही. पत्त्यांचा डाव उतरायचे स्थानक आले की मोडावाच लागे, तळहातावरचा खेळ मात्र फलाटावर, रिक्षात आणि रात्री अंथरुणातही सोबत राहतो.

मराठीत या आकर्षणाच्या पायऱ्यांसाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि विवेचनासाठी तो भेद राखणे सोयीचे ठरते. नाद हा स्वतःहून लागतो आणि त्यात आनंद असतो. चटक ही बहुधा दुसऱ्याने लावलेली असते आणि तिच्यात आनंदापेक्षा ओढ अधिक असते. व्यसन म्हणजे ती ओढ माणसाच्या इतर व्यवहारांवर कुरघोडी करू लागल्याची अवस्था. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे खेळण्यावरचा ताबा सुटण्याच्या विकाराचा समावेश केला; ही आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तो विकार या तिसऱ्या पायरीविषयी आहे. प्रस्तुत चर्चा मधल्या पायरीची, म्हणजे लावल्या जाणाऱ्या चटकेची आहे.

गाय आणि सहा तास

झिंगा या अमेरिकी कंपनीने जून २००९ मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ हा शेतीचा खेळ आणला. खेळाडूने पडद्यावरच्या तुकड्यात पीक पेरायचे, ठरावीक तासांनी परत येऊन ते कापायचे, आलेल्या नाण्यांतून आणखी बियाणे घ्यायचे आणि शेजारी म्हणून मित्रांना बोलवायचे, असे त्याचे स्वरूप होते. वेळेवर परत न येणाऱ्याचे पीक सुकून जाई. २०१० च्या सुरुवातीला महिन्याकाठी ८ कोटींहून अधिक लोक हा खेळ खेळत होते. ‘सोशल गेम’ ही संज्ञा अशा खेळांसाठी रूढ झाली: समाजमाध्यमावर चालणारा, वरकरणी फुकट, मित्रांच्या जाळ्यावर वाढणारा आणि वाट पाहणे टाळायचे असेल तर पैसे मागणारा खेळ.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर यातली गोम लवकर ध्यानात येते. दावणीला बांधलेल्या गायीची धार सकाळ-संध्याकाळ काढावी लागते, कारण कास भरली की तिला त्रास होतो. मालकाला वेळेवर घरी आणणारी ती गरज गायीची असते आणि धार काढण्यातून दूधही मिळते. पडद्यावरच्या शेताने या खऱ्या कर्तव्याची वेळ तेवढी उचलली आणि गाय, दूध व कर्तव्याचे कारण मागे टाकले. उरली ती केवळ परत येण्याची टोचणी.

जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील तत्कालीन प्राध्यापक आणि खेळांचे रचनाकार इयान बोगोस्ट यांनी नेमकी हीच टोचणी उघडी पाडायचे ठरवले. न्यूयॉर्क विद्यापीठात सोशल गेमवर झडणाऱ्या एका चर्चेच्या निमित्ताने त्यांनी जुलै २०१० मध्ये ‘काऊ क्लिकर’ हा खेळ काही दिवसांत तयार करून फेसबुकवर ठेवला. त्यात हिरव्या कुरणात उभी असलेली एक चित्रातली गाय होती. तिच्यावर बोट टेकवले की एक ‘क्लिक’ जमा होई आणि पुढचे बोट सहा तासांनीच टेकवता येई. मित्रांच्या गायी आपल्या कुरणात आणता येत आणि मग एकाच्या टिचकीचा हिशेब सगळ्यांच्या खात्यात धरला जाई. ‘मूनी’ नावाचे, इंग्रजीतले गायीचे हंबरणे आणि पैसा यांची सरमिसळ करून बेतलेले चलन होते. ते खऱ्या पैशांनी विकत घेऊन सहा तासांची वाट टाळता येई किंवा निराळी गाय घेता येई. त्या बाजारातल्या एका गायीची किंमत सुमारे २० डॉलर होती. मूळच्या फुकट गायीहून ती एवढीच वेगळी होती की तिचे तोंड उलट्या दिशेला होते.

विनोद उघड होता, तरीही लोक आले आणि राहिले. भरभराटीच्या काळात ५०,००० हून अधिक जण ही गाय टिचकत होते. एक लाख टिचक्या झाल्यावर सोन्याची घंटा मिळे. दिवसाला फार तर चार टिचक्या, या हिशेबाने एकट्याच्या बळावर त्या घंटेपर्यंत पोहोचायला पंचवीस हजार दिवस, म्हणजे सुमारे ६८ वर्षे लागली असती. म्हणून घंटा हवी असणाऱ्याला माणसे जोडणे भाग होते. चेष्टेसाठी मांडलेल्या या गणितात सोशल गेमचा सगळा व्यवसाय सामावलेला होता, आणि खेळाडूंनी ते गणित हसत हसत सोडवायला घेतले.

बोगोस्ट यांनी या खेळांवर घेतलेले आक्षेप चार होते. पहिला म्हणजे मित्र हा मित्र न राहता वापरायचे साधन बनतो. दुसरा म्हणजे खेळ कुतूहलाने नव्हे, ओढीने खेळवला जातो. तिसरा म्हणजे खेळातली प्रत्येक कृती पैसे टाकून वगळता येते, म्हणजेच ती कृती करण्याजोगी नाही हे खेळच मान्य करतो. चौथा आक्षेप वेळेचा: हे खेळ खेळत असतानाचा वेळ खातातच, शिवाय खेळत नसतानाही पिकाची आणि गायीची आठवण जागी ठेवून उरलेल्या दिवसात शिरतात. बोगोस्ट यांनी आपल्या २००७ च्या ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’ या ग्रंथात एक संकल्पना मांडली होती. वक्ता शब्दांतून आणि चित्रकार रेषांतून युक्तिवाद करतो, त्याप्रमाणे खेळ नियमांतून आणि प्रक्रियेतून युक्तिवाद करू शकतो, अशी ती संकल्पना आहे. ‘काऊ क्लिकर’ हा त्या पद्धतीने लिहिलेला टीकालेखच होता, आणि तो वाचण्यासाठी टिचकी मारावी लागत होती.

पेच येथेच सुरू झाला. खेळाडूंनी सूचना केल्या, तक्रारी केल्या, नव्या गायी मागितल्या, आणि खेळाचा निर्माता स्वतःच्याच विनोदाची देखभाल करण्यात दिवस घालवू लागला. काही खेळाडूंमध्ये या कुरणामुळे खरीखुरी मैत्री जुळली, जी पहिल्या आक्षेपाला छेद देणारी होती. अखेर बोगोस्ट यांनी गायींच्या प्रलयाची घोषणा केली आणि त्याकडे नेणारे उलटे घड्याळ पडद्यावर लावले. पण पैसे भरून ते घड्याळ तासातासाने मागे सारण्याची सोयही ठेवली. खेळाडूंनी त्यासाठी सुमारे ७०० डॉलर मोजले. ७ सप्टेंबर २०११ रोजी घड्याळ संपले, सगळ्या गायी नाहीशा झाल्या आणि कुरणात त्यांच्या जागी रिकामे गवत उरले. त्या गवतावरही काही जण सहा-सहा तासांनी बोट टेकवत राहिले.

बहुरूप्याची बिदागी

विडंबनकाराच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद संमतीचा आहे. खेळाचे नाव, उलट तोंडाची गाय, घंटांची बिरुदे हे सारे थट्टा असल्याचे ओरडून सांगत होते. ज्याला डोळा मारलेला दिसतो त्याला फसवले असे म्हणता येत नाही. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो कळणे आणि आवरणे या दोन गोष्टी एकच मानतो. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले, की बक्षीस कधी आणि कितव्या प्रयत्नाला मिळते त्या वेळापत्रकावरून प्राण्याची कृती किती वेळ टिकेल हे ठरते, आणि बक्षीस अनिश्चित असेल तेव्हा कृती सर्वांत चिवट होते. मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाऊ शुल यांनी लास वेगासच्या जुगारयंत्रांवरच्या २०१२ च्या अभ्यासात नोंदवले, की तिथल्या अट्टल खेळाडूंना आपण हरणार हे पक्के माहीत असते. जिंकण्यापेक्षा यंत्रासमोरची ती तंद्री टिकावी म्हणून ते खेळत राहतात. माहिती असणे हे चटकेवरचे औषध असते, तर तंबाखूच्या पुडीवरचा इशारा पुरेसा ठरला असता.

मुंबईला या तंत्राची ओळख फेसबुकच्या फार आधीपासून आहे. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून १९६० च्या दशकात मटक्याचा धंदा उभा राहिला आणि कल्याणजी भगत व रतन खत्री ही नावे त्याच्याशी जोडली गेली. मटक्यात आकडा दोन हप्त्यांत जाहीर होई, आधी ‘ओपन’ आणि काही तासांनी ‘क्लोज’. या दोन वेळांमधल्या तासांत लावणारा कामावर असला तरी मनाने आकड्यापाशी असे. सहा तासांची गाय आणि ओपन-क्लोजचा आकडा यांची जातकुळी एकच आहे, फरक गुंतलेल्या रकमेचा आहे.

संमतीपेक्षा अधिक उपयोगी कसोटी मराठी लोकपरंपरेत सापडते. गावोगाव फिरणारा बहुरूपी खाकी कपडे, डोक्यावर टोपी, बगलेत जुनाट वही अशा थाटात दारात उभा राहतो, घरच्यांवर काहीतरी अजब गुन्ह्याचे वॉरंट निघाल्याचे दरडावून सांगतो, दंडाची रक्कम वाढवत नेतो, लहान मुले आईमागे दडतात आणि मोठी माणसे तोंड दाबून हसतात. शेवटी तो स्वर बदलतो, आपण बहुरूपी असल्याचे सांगतो आणि हात पुढे करतो. घरधनी त्याला जे काही देतो ते त्या दंडापोटी दिलेले नसते. ते सोंग चांगले वठवल्याबद्दल दिलेले असते. सोंगासाठीची बिदागी आणि सोंगातली वसुली यांत बहुरूपी कधीही गल्लत करत नाही, कारण ज्या दिवशी तो दंडच खराखुरा वसूल करील त्या दिवशी तो बहुरूपी न राहता तोतया ठरेल. कला आणि लबाडी यांच्यातली सीमा त्याच्या पुढे केलेल्या हातापाशी आखलेली असते.

संत एकनाथांची भारुडे याच शहाणपणाची वाङ्मयीन बाजू होत. सोळाव्या शतकात पैठणच्या या कवीने वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या अशा लोकांच्या ओळखीच्या भूमिका उचलल्या, त्यांची भाषा आणि ठेका जसाच्या तसा घेतला आणि त्यांतून अध्यात्म व समाजाचे दोष सांगितले. भविष्य सांगणाऱ्या जोश्याचे सोंग घेताना एकनाथ त्याच्याच बोलीत बोलतात, पण दक्षिणेसाठी कोणाचे खोटे भविष्य वर्तवत नाहीत. आणि भारूड संपता संपता सोंगाआडचा अर्थ उघड होतो. भारुडाला शेवट असतो, हा या रचनेचा नैतिक कणा आहे.

‘काऊ क्लिकर’ या कसोटीला लावला तर निकाल संमिश्र येतो. त्याने सोंग उघडे ठेवले आणि शेवटी ते उतरवलेही, या दोन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. तो चालू ठेवण्याचा मोह असताना निर्मात्याने प्रलय घडवला, हे विसरता कामा नये. परंतु मूनीच्या रूपाने घेतलेला पैसा बिदागी नव्हता. गाय उलट्या तोंडाची करून मिळावी, वाट टळावी, घड्याळ मागे सरावे यासाठी खेळाडूने तो दिला, म्हणजे ज्या वसुलीची थट्टा करायची तीच वसुली थट्टेच्या आत चालू राहिली. रक्कम लहान होती आणि हेतू नफ्याचा नव्हता हे मान्य केले तरी तत्त्व बदलत नाही. पैशाहून कमी दिसणारी पण तितकीच खरी अशी आणखी एक वस्तू त्यात खर्ची पडली, ती म्हणजे वेळ. वेळेचेही सोंग आणता येत नाही. थट्टेत घालवलेली दहा मिनिटे आणि गांभीर्याने घालवलेली दहा मिनिटे आयुष्यातून सारखीच वजा होतात.

अर्थ गळतो, पट उरतो

विडंबनात्मक खेळावरचा दुसरा आक्षेप दूरगामी आहे. लेख वाचून झाला की त्याचा युक्तिवाद लक्षात राहतो, खेळातून मात्र बहुधा नियम लक्षात राहतात आणि युक्तिवाद गळून पडतो. याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत मे महिन्याच्या सुट्टीत उघडल्या जाणाऱ्या ‘व्यापार’ या पटात आहे. शहरे विकत घ्यायची, त्यांवर घरे बांधायची, तिथे सोंगटी टेकवणाऱ्याकडून भाडे घ्यायचे आणि शेवटी बाकीच्यांचे दिवाळे काढायचे, हा खेळ अमेरिकेच्या ‘मोनोपॉली’चा भारतीय अवतार आहे. मोनोपॉलीचे मूळ मात्र लिझी मॅगी या स्त्रीने बनवलेल्या आणि १९०४ साली पेटंट मिळालेल्या ‘द लँडलॉर्ड्‌स गेम’मध्ये, म्हणजे जमीनदाराच्या खेळात आहे. जमिनीच्या वाढत्या किमतीचा लाभ काहीही न करणाऱ्या मालकाला मिळतो आणि भाडेकरू भरडला जातो, हे अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांचे म्हणणे सामान्यांना खेळता खेळता पटावे हा तिचा हेतू होता. तिने नियमांचे दोन संच दिले होते: एकात एकाची मक्तेदारी होई, दुसऱ्यात निर्माण झालेल्या संपत्तीचा वाटा सर्वांना मिळे. १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने मोनोपॉली बाजारात आणली, मॅगीचे पेटंट ५०० डॉलरला विकत घेतले, आणि जगभर पसरला तो पहिला संच. भाडेवसुलीवरची टीका भाडेवसुलीचा आनंद देणारा खेळ होऊन बसली.

हा पट माणिकपुरात मांडला जातो तेव्हा त्यातला विरोधाभास अधिक गडद होतो. नवघर-माणिकपूर ही पूर्वी स्वतंत्र नगरपरिषद होती. २००९ साली वसई, विरार आणि नालासोपारा यांच्यासह ती वसई-विरार शहर महानगरपालिकेत विलीन झाली. त्याआधीच्या दोन दशकांत या पट्ट्यातल्या वाड्या, भातखाचरे आणि बावखले (छोटी तळी) यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या, आणि जमिनीच्या या व्यवहाराला विरोध करण्यासाठी पुढे २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून आंदोलन उभारले होते. जमिनीच्या भावाने एका तालुक्याचे रूप कसे पालटते, हे मॅगीला जे पटावर सांगायचे होते ते खिडकीबाहेर घडत असताना त्या खिडकीच्या आत मुले त्याच पटावर शहरे विकत घेण्यात रमलेली असणार, आणि त्यांच्यापैकी कोणालाही तो पट तक्रारीचा अर्ज होता याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

सापशिडीची कथा याहून जुनी आहे. मोक्षपट किंवा ज्ञानचौपड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय पटांवर घरांना सद्‌गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत. दया, भक्ती यांसारख्या घरांतून शिडी वर नेई, तर लोभ, अहंकार यांसारख्या घरांत सापाचे तोंड असे, आणि शेवटचे घर मोक्षाचे असे. महाराष्ट्रात मोक्षपटाचे श्रेय परंपरेने संत ज्ञानेश्वरांना दिले जाते. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बाजारू स्वरूपात छापला जाऊ लागला, १९४३ साली अमेरिकेत सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या, आणि भारतात परत रूढ झालेल्या पटावर घरांना उरले ते फक्त आकडे. फाशाचे दान, चढणे आणि घसरणे हे यंत्र टिकले. ते ज्यासाठी बनवले होते तो उपदेश गळाला.

या दोन्ही उदाहरणांत जे अनेक दशकांत घडले ते ‘काऊ क्लिकर’नंतर काही वर्षांतच घडले. डिसेंबर २०११ मध्ये, गायींच्या प्रलयानंतर तीन महिन्यांनी, झिंगाचे समभाग शेअर बाजारात आले. विडंबनाने या कंपनीच्या वाटचालीला अडथळा झाल्याचे काही दिसले नाही. २०१३ साली फ्रान्सच्या ज्युलियन थिएनो यांनी बनवलेल्या ‘कुकी क्लिकर’मध्ये बिस्किटावर टिचक्या मारत राहायचे होते, आणि तोही अर्धा थट्टेचाच खेळ होता, तरीही त्या धाटणीतून ‘क्लिकर’ अथवा ‘आयडल’ म्हणजे खेळाडूने जवळजवळ काही न करता चालणाऱ्या खेळांचा भलामोठा बाजार उभा राहिला. टिचकीशिवाय दुसरे काही नको, हे विडंबनकाराने थट्टेने सिद्ध केले आणि बाजाराने ते मोफत मिळालेले संशोधन म्हणून वापरले. आपल्या अतिशयोक्तीचा कोणी आराखडा म्हणून उपयोग करील का, याचा विचार म्हणूनच विडंबनकाराला टाळता येत नाही.

कायद्याची रेघ

कायद्याने हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे ठरेल, कारण कायदा वेगळ्या जागी रेघ ओढतो. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले, आणि तेव्हापासून वाद कौशल्य की नशीब याभोवती फिरत राहिला. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हन हा कौशल्याचा खेळ असल्याचे मानले, तर २०२१ साली पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या लुडोचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ही रेघ बदलली. कौशल्य असो वा नशीब, जिंकून पैसे मिळण्याच्या अपेक्षेने पैसे लावले जात असतील तर तो ‘ऑनलाइन मनी गेम’ ठरतो आणि तो चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. करमणुकीच्या ‘ऑनलाइन सोशल गेम’ना मात्र त्याच कायद्याने मान्यता आणि उत्तेजन दिले आहे.

म्हणजे पैसे परत मिळण्याची आशा दाखवणारा खेळ बेकायदा ठरतो, आणि पैसे घेऊन काहीच परत न देणारा, फक्त वाट कमी करणारा खेळ कायदेशीर राहतो. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण जुगाराने होणारी आर्थिक धूळधाण रोखणे हा त्याचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. परंतु चटक लावण्याची कला या रेघेच्या अलीकडे सुखरूप उभी असल्याने तिची चिकित्सा करण्याचे काम शिक्षक, पालक, समीक्षक आणि विडंबनकार यांच्याकडेच राहते. विडंबन नको, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

शेवटचा पडदा

वसईतल्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी असा खेळ रचायचे मनावर घेतले, तर त्यांना विषय दूर शोधायला नको. टँकरच्या पाण्याशी वसई-विरारकरांची जुनी ओळख आहे; तेव्हा पडद्यावर एक नळ असावा, तो सहा तासांनी एकदा सुटावा, एका टिचकीला एक हंडा भरावा, शेजाऱ्यांना बोलावले तर हंडे वाढावेत आणि ज्याला थांबायचे नाही त्याने टँकर मागवावा, अशी कल्पना करून पाहता येते. गायीच्या थट्टेपेक्षा ही थट्टा अधिक झोंबेल, कारण पैसे टाकून रांग चुकवणे हे येथे खेळाचे तंत्र आहे तसेच इमारतीच्या सोसायटीचे वास्तवही आहे. खेळणाऱ्याला आपण कशावर हसतो आहोत हे तिसऱ्या हंड्याला उमगेल.

या काल्पनिक खेळाला सोंगाचे जुने नियम लावले तर त्याची रचना आपोआप ठरत जाते. टँकरची किंमत पडद्यावर दिसावी, पण देणाऱ्याच्या खात्यातून रुपयाही जाऊ नये. रचनाकारांना बिदागी हवी असेल तर ती खेळाबाहेर, उघडपणे आणि ऐच्छिक मागावी. शेजाऱ्यांना बोलावण्याचे बटण असावे, मात्र ते दाबल्यावर कोणाच्याही फोनवर खरी सूचना जाऊ नये, कारण ज्याने हा विनोद ऐकायचे कबूल केलेले नाही त्याला त्यात ओढणे म्हणजे मित्राला पुन्हा साधन बनवणेच होय. नळ सुटल्याची आठवण करून देणारी घंटा रात्री वाजू नये. आणि खेळ किती दिवसांनी संपणार हे पहिल्याच दिवशी ठरलेले असावे व कितीही आग्रह झाला तरी ती मुदत वाढू नये. ‘काऊ क्लिकर’च्या निर्मात्याला सर्वांत महागात पडली ती नेमकी ही सवलत.

यावर असा प्रतिवाद होऊ शकतो, की दंश काढून घेतलेला विंचू दाखवण्यात काय अर्थ. खरा पैसा गेला नाही, खरी झोप मोडली नाही, तर खेळाडूला चटकेचा अनुभव येणार कसा आणि अनुभवाविना टीका पटणार कशी? हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर पुन्हा बहुरूप्यापाशीच मिळते. वॉरंट खोटे असूनही दारात उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात क्षणभर गोळा येतो. भीती खरी असते, दंड खोटा असतो. खेळातही ओढ खरी वाटेल इतपत सोंग वठवता येते आणि तरीही वसुली खोटी ठेवता येते. तसे करायला अधिक कौशल्य लागते, पण चांगल्या विडंबनाला ते नेहमीच लागत आले आहे.

असा खेळ बनवणाऱ्याने शेवटचा पडदा सर्वांत आधी लिहून ठेवावा. त्या पडद्यावर नळ नसेल, हंडे नसतील. तिथे खेळाडूने किती टिचक्या मारल्या, किती वेळा अंथरुणातून हात लांब केला, किती मिनिटे खर्ची घातली आणि टँकर खरे असते तर किती रुपये गेले असते, एवढा हिशेब असेल, आणि त्याखाली अ‍ॅप काढून टाकण्याचे बटण. अमेरिकेतल्या त्या कुरणात गायी गेल्यावर गवतावर बोट टेकवायची जागा शिल्लक ठेवली होती. वसईच्या नळाखाली ती ठेवू नये.